ग्यूसिंगचा किल्ला आणि भट्टी

आस्ट्रियाच्या पूर्व सीमेवर, हंगेरीला खेटून, ग्यूसिंग नांवाचें एक चिमुकलें नगर आहे. लोकवस्ती चार हजारांच्याही आंत. विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर तेथील किल्ला उभा असून त्याचा आरंभ १२ व्या शतकांतला आहे. १५२४ सालीं हंगेरीच्या राजानें तो बात्यानी घराण्यास दिला. या घराण्यांतील बाल्थाझार हा सरदार मोठा विद्याव्यासंगी होता. क्लूसिअस हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या आश्रयास येत असे, व त्यानें रचिलेली वनस्पतींच्या लॅटिन व हंगेरियन नांवांची यादी १५८३ मध्यें ग्यूसिंग येथेंच छापली गेली. तुर्क हंगेरीचा मोठा भाग गिळून बसले असतांना येथें झाडपाल्याचीं नांवें जुळविलीं जात होतीं, ही गोष्ट लहान नव्हे.

१९२१ सालीं हा मुलूख हंगेरीकडून आस्ट्रियाकडे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्दीवर तारांचें कुंपण पडलें आणि नगर एका कोपऱ्यांत कोंडलें गेलें. कारखाने येईनात, कर्ते पुरुष कामधंद्यासाठीं व्हिएन्नाची वाट धरीत. भोंवतालीं जंगल मात्र मुबलक होतें. पण त्यांतलें लांकूड कुजत पडे, आणि गांवचा पैसा तेलापायीं बाहेर जाई. हा उफराटा व्यवहार राइनहार्ड कोख या इंजिनिअराच्या व पुढें नगराध्यक्ष झालेल्या पेटर वादास यांच्या ध्यानीं आला. १९९० मध्यें खनिज इंधन सोडण्याचा ठराव नगरसभेनें केला. प्रथम सार्वजनिक इमारतींतील उधळपट्टी थांबविली. नंतर, १९९६ पासून, लांकडावर तापविलेलें पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर खेळूं लागलें.

२००१ सालची भट्टी ही खरी नवलाई. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठांतील हेर्मान होफबाउअर यांची ती योजना. भट्टीचे कप्पे दोन. पहिल्यांत तापलेल्या वाळूवर लांकडाच्या ढलप्या पडत व वाफ सोडली जाई. त्यांतून जळाऊ वायु निघे. उरलेला कोळसा वाळूबरोबर दुसऱ्या कप्प्यांत जाऊन हवेनें जळे, आणि तप्त झालेली वाळू पुनः पहिल्याकडे वळे. हवा अशी निराळी ठेवल्यामुळें निरुपयोगी नायट्रोजन वायूंत मिसळत नसे. त्या वायूवर एंजिन चालून सुमारें २ मेगावॅट वीज मिळे, आणि एंजिनाची ऊबही नगराच्या नळांत जाई. लांकडी फरशांचे कारखाने आले, देशोदेशींचे पाहुणे आले.

परंतु सरकारनें बांधून दिलेला विजेचा चढा भाव मुदतीचा होता, आणि लांकूड तर महागत चाललें. २०१३ मध्यें वीजगृहाचें दिवाळें निघालें. २०१६ मध्यें भट्टी थंडावली. यंत्रास दोष देणें अन्यायाचें होईल. चुकला तो जमाखर्च. त्याच धर्तीवर स्वीडनांत गोथेनबर्ग येथें २०१४ मध्यें याहून मोठी भट्टी पेटली, तीही २०१८ मध्यें पैशाच्याच कारणानें बंद झाली. ग्यूसिंगच्या घरांत मात्र लांकडाच्या उबेचे ते नळ हिंवाळ्यांत आजही चालू असतात.