तात्पुरती परवानगी

२००२च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, डंकर्क बंदरात, दीड टन रताळी जप्त झाली. ती आली होती मार्टिनिकहून. हे कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट फ्रान्सचाच भाग आहे. त्या रताळ्यांमध्ये क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक सापडलं होतं. पण हे औषध रताळ्याचं नव्हतंच, केळीचं होतं. शिवाय ते वापरायला बंदी होऊन नऊ वर्षं उलटली होती.

मग ते रताळ्यात आलं कुठून? मातीतून.

मार्टिनिक आणि शेजारचं ग्वादलूप ही ज्वालामुखीची बेटं. राखेची सुपीक जमीन, भरपूर पाऊस आणि मैलोनमैल केळीच्या बागा. केळी जहाजानं युरोपात जायची आणि बेटांचं पोट त्यावर चालायचं. या केळीचा जुना शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या कंद पोखरतात आणि वाऱ्याच्या एका झोतात झाड आडवं होतं. भुंग्यावर आधी एचसीएच वापरलं जाई. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ते 'बीएचसी पावडर' म्हणून आठवत असेल. भारतात त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. पुढे बेटांवर त्याच्या जागी क्लोरडेकोन आलं. पांढरी भुकटी, झाडाच्या बुंध्याशी मातीवर पसरायची.

हे औषध विषारी आहे आणि लवकर नष्ट होत नाही, हे फ्रान्समधल्या तज्ज्ञ समितीला ठाऊक होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस समितीनं ते नाकारलंही होतं. तरी १९७२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. कागदावर ती 'तात्पुरती' होती.

दोन वर्षांतच बागांमधले मजूर संपावर गेले. मजुरी वाढवा ही मागणी होतीच, पण विषारी औषधं थांबवा हीसुद्धा होती. ती भुकटी हातानं टाकणारे तेच होते, त्यामुळे अंगावर काय उठतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी मार्टिनिकमधल्या शाल्व्हे इथे पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला आणि एक मजूर मारला गेला. मजुरीचा प्रश्न थोडाफार सुटला, औषध मात्र चालूच राहिलं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत याच रसायनानं हाहाकार उडवला. तिथे त्याचं नाव 'केपोन' होतं. व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल गावात, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत, ते बनवलं जाई. कामगारांचे हात थरथरू लागले, डोळ्यांची बुबुळं स्थिर राहीनात. १९७५ मध्ये कारखाना बंद झाला. सांडपाणी जेम्स नदीत गेलं होतं, म्हणून तिथल्या मासेमारीवरही बंदी आली. ती पूर्णपणे उठायला १९८८ उजाडलं.

बेटांवर मात्र उलटंच झालं. १९७९ आणि १९८० मध्ये लागोपाठ दोन मोठी वादळं आली. बागा झोपल्या, भुंगा माजला आणि बागायतदारांनी औषध मागितलं. अमेरिकेतलं उत्पादन थांबलेलं होतं, तेव्हा ते ब्राझीलमध्ये बनवून घेतलं गेलं आणि १९८१ मध्ये नव्या नावानं पुन्हा परवानगी मिळाली. माती आणि नद्या दूषित झाल्याचं सांगणारे फ्रेंच शास्त्रज्ञांचे अहवाल तोवर आलेले होते. १९९० मध्ये फ्रान्सनं बंदी घातली, पण बेटांना सवलत देऊन वापर १९९३पर्यंत चालू ठेवला. एकूण सुमारे ३०० टन क्लोरडेकोन त्या मातीत गेलं.

आता मातीचा हिशोब समजून घेऊ. आपण जमिनीत टाकलेलं बहुतेक काही कुजतं, कारण मातीतले जिवाणू ते खातात. पालापाचोळा असो की बरीचशी कीटकनाशकं, त्यांतला कार्बन हे जिवाणूंचं अन्न. क्लोरडेकोनमध्येही दहा कार्बन आहेत, पण ते एकमेकांना जोडून पिंजऱ्यासारखे बांधलेले आणि त्यांच्याभोवती दहा क्लोरीनचा पहारा. हवा खेळणाऱ्या मातीत जिवाणूंना हा पिंजरा सहजी फोडता येत नाही. हवा नसलेल्या स्थितीत काही जिवाणू तो फोडतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण केळीची बाग म्हणजे प्रयोगशाळेतली बंद बाटली नव्हे.

त्यात ही राखेची माती. तिचे कण स्पंजासारखे सच्छिद्र असतात. पाणी, खत, सगळं धरून ठेवतात, म्हणून तर ती सुपीक. तोच गुण इथे उलटला, तिनं विषही तसंच धरून ठेवलं. पावसानं ते हळूहळू धुऊन जायला किती काळ लागेल, याचा अंदाज २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. काही जमिनींसाठी ६० ते १०० वर्षं, तर राखेच्या जमिनींसाठी ५०० ते ७००. आजपासून ६०० वर्षं मागे गेलो, तर शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोनशे वर्षं बाकी असतात. नंतरच्या काही संशोधकांच्या मते हा काळ बराच कमी असू शकेल. पण धुऊन गेलेलं जातं कुठे? झऱ्यात, नदीत, समुद्रात. म्हणजे माती स्वच्छ होणार ती पाणी नासवून.

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट केळ्याचीच आहे. क्लोरडेकोन मुळांपाशी साचतं, उंचावरच्या घडापर्यंत जवळजवळ पोचत नाही. युरोपात गेलेली केळी स्वच्छच होती. विष राहिलं ते जमिनीखाली वाढणाऱ्या कंदांत. रताळी, अळकुड्या, कोनफळं. हे बेटावरच्या गरिबाघरचं रोजचं जेवण. शिवाय परसातल्या कोंबड्यांची अंडी आणि ओढ्यातले मासे. २०१३-१४ च्या सरकारी पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात क्लोरडेकोन आढळलं. ग्वादलूपमधल्या अभ्यासात त्याचा प्रोस्टेट कर्करोगाशी संबंध दिसला. २००६ मध्ये केलेल्या फौजदारी तक्रारीचा निकाल जानेवारी २०२३ मध्ये लागला. हा आरोग्याचा घोटाळा आहे हे न्यायाधीशांनी मान्य केलं आणि प्रकरण बंद केलं. इतक्या वर्षांनी गुन्हा सिद्ध करणं कठीण आहे, असं कारण दिलं गेलं.

म्हणजे माणसांचा पुरावा वीस-तीस वर्षांत जुना होतो. मातीतला पुरावा अजून ताजा आहे.

आपल्याकडे फवारणीला 'औषध मारणं' म्हणतात. शब्द सवयीचा आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण औषध म्हटलं की आपण पीक बरं झालं का तेवढंच बघतो. ते पुढे कुठे गेलं, कधी संपलं, हे विचारत नाही. मार्टिनिकमध्ये हा प्रश्न आता घरोघरी विचारावा लागतो. परसात कोनफळ लावायच्या आधी तिथली माणसं मूठभर माती तपासायला देतात. ज्याच्या आजोबांच्या हातानं ती भुकटी टाकली गेली, तो नातू निकालाची वाट बघतो आणि मगच ठरवतो की या जमिनीत पेरायचं की नाही.