ग्रीसगन ते जीएसटी : गाडीच्या सर्व्हिसिंगचा हिशोब

गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल हा ऐतिहासिक दस्तऐवज असतो असं म्हटलं तर हसाल. पण बघा ना, त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या काळात तिथे येऊन बसली आहे. आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा इतिहास नुसता वाचून भागत नाही, दरवर्षी खिशातून मोजावा लागतो.

सुरुवात करू वालचंद हिराचंदांपासून. सोलापूरच्या या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट, मग तिचीच प्रीमियर पद्मिनी बाहेर पडू लागली. त्या काळी गाडी घेणं म्हणजे एक मिस्त्री जोडणं! ठिकठिकाणच्या निपलना ग्रीसगन लावायची, प्लग काढून घासायचे, पॉइंटमधली फट बघायची, कार्बोरेटरचा जेट साफ करायचा, टॅपेट सेट करायचे. हे सगळं सारखं सारखं. म्हणजे खर्च मुख्यतः माणसाच्या वेळेचा, आणि माणसाचा वेळ स्वस्त. कोळसा, कागद आणि लाकडाच्या जोरावर जगणाऱ्या जुन्या चांद्यात जीपगाड्या आणि ट्रक भरपूर, त्यामुळे असे मिस्त्रीही भरपूर. 'गाडीले आयकावं लागते भाऊ' म्हणणारे. विद्या कानात आणि हातात होती, कोणाच्या तिजोरीत नव्हती.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर साधारण सोळा महिन्यांनी, १४ डिसेंबर १९८३ ला, गुडगावात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण आमच्या भागाचा पुढचा हिशोब या दोन्हींनी मिळून ठरवला. मारुतीबरोबर नवी पद्धत आली : ठरावीक किलोमीटरला ठरावीक काम, फ्री सर्व्हिसची कुपनं आणि अधिकृत वर्कशॉप. सारखं ग्रीस मारणं संपलं. सर्व्हिसिंग 'बिघडू नये म्हणून' करायची गोष्ट झाली. ही फार मोठी सुधारणा होती, हे मान्य केलंच पाहिजे. आज बहुतेक पेट्रोल गाड्यांचं ऑइल १०,००० कि.मी. किंवा वर्षभर चालतं, ते चांगल्या ऑइलमुळे आणि चांगल्या इंजिनामुळे.

मग बिल का वाढतं? कारण त्यात आता चार थर आहेत. एक, ऑइल, फिल्टर, कूलंटसारखा खरा माल. दोन, लेबर. हे मिस्त्रीने घातलेल्या वेळेवर नाही, त्या कामासाठी कंपनीने ठरवलेल्या तासांवर लावतात. तीन, 'करून घ्या साहेब' वाली यादी : इंजिन फ्लश, एसीचं निर्जंतुकीकरण, कोटिंग वगैरे. गेल्या वर्षी मला एका वर्कशॉपने दिलेल्या एस्टिमेटमध्ये हा तिसरा थर पहिल्यापेक्षा जाड होता. मालकाच्या पुस्तिकेत त्यातलं एकही काम नव्हतं, म्हणून मी ते काढायला लावलं.

चौथा थर कराचा. सेवाकर देशात आला १९९४ ला, पण त्यात अधिकृत सर्व्हिस स्टेशनं ओढली गेली २००१ मध्ये, तेव्हा दर होता ५ टक्के. २०१७ ला जीएसटी आला आणि लेबरवर १८, बऱ्याच पार्ट्सवर २८ टक्के लागू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळे पार्ट्स १८ टक्क्यांवर आले. म्हणजे त्याआधीचं एस्टिमेट कोणी जसंच्या तसं पुढे करत असेल तर विचारा.

पण खरा बदल बिलात दिसतच नाही. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि गाडी ऐकायची नाही तर स्कॅनर लावून वाचायची झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड बंद झाला. स्कॅनर आणि मूळ पार्ट्स बाहेरच्या गॅरेजला मिळू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, ते वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही गाड्या आहेत.

पुण्यामुंबईत हा तात्त्विक वाद वाटेल. अहेरीहून बघा. तिथून चंद्रपूर शंभर कि.मी.च्या वर. जाऊन-येऊन दोनशे धरले आणि गाडी लिटरला १५ देते म्हटलं, तर १३-१४ लिटर पेट्रोल, म्हणजे सध्याच्या भावाने चौदाशेच्या आसपास, शिवाय एक दिवस बुडाला. सिरोंचाहून तर सगळं साधारण दुप्पट. बिलात न छापलेली ही ओळ कधीकधी ऑइलच्या ओळीएवढी असते.

आणि पुस्तिकेत शेवटी बारीक अक्षरात 'खडतर परिस्थिती' नावाचा तक्ता असतो : धूळ, कडक ऊन, खराब रस्ते. असं असेल तर ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदला, असं तो सांगतो. कोळशाची धूळ, मे महिन्यातले ४७ अंश, सूरजागडच्या खनिजाचे ट्रक... आमच्यासाठी तोच मुख्य तक्ता. म्हणजे ज्याला वर्कशॉप सर्वांत लांब, त्यालाच तिथे जास्त वेळा जावं लागतं.

म्हणून माझं मत असं : वॉरंटी असेपर्यंत अधिकृत ठिकाणी जा, पण पुस्तिकेतली यादी हातात ठेवून. वॉरंटी संपली की ऑइल, फिल्टर, ब्रेकपॅड यासाठी गावातला जाणता मिस्त्री पुरेसा आहे. पार्ट आपण आणा, बिल जपून ठेवा. मात्र तो मिस्त्री टिकायचा असेल तर त्याच्या हातात स्कॅनर आणि माहिती पोचली पाहिजे. ती अडली तर आलापल्ली, भामरागडकडच्या माणसाला पार्टपेक्षा रस्त्याचेच पैसे जास्त मोजावे लागतील. तुमच्या गावातल्या मिस्त्रीकडे स्कॅनर आहे का, पुढच्या वेळी गेलात की जरूर विचारा.