शीड उतरवण्याचा इतिहास

गेल्या फेब्रुवारीत, शंकर नगरातल्या आमच्या गच्चीवर, मी सकाळभर आईचं जुनं नऊवारी लुगडं एका गोल कड्यातून आत-बाहेर ओढत होतो. शेजारच्या गच्चीवरून प्रश्न आला, "अंकलजी, ये क्या चल रहा है?" मी म्हटलं, "नाव का पाल उतार रहा हूँ." पुढे कोणी काही विचारलं नाही. रायपुरात तेलीबांधा तलावाच्या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणतात, पण विशाखापट्टणमचा समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर आहे. इथल्या मराठी माणसांचा इतिहास नागपूरकर भोसल्यांच्या १७४१ च्या स्वारीपासून सांगतात, आणि तो सगळा घोड्यांचा आहे. त्यात शीड कुठेच नाही.

कारण घडलं ते असं. माझ्या एका जुन्या मित्राच्या मुलीनं गोव्यात शर्यतीची, १८ फुटी, वापरलेली कॅटमरान घेतली. तिचा फोन आला. "काका, स्पिनेकर चढतो झकास, पण उतरवताना अडकतो. स्नफरमध्ये जातच नाही. तुम्ही नि बाबा हेच करायचात ना?"

"बाबांना विचारलंस का?"

"ते या विषयावर बोलत नाहीत."

ते का बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्याकडे येतोच. पण आधी त्या होडीकडे जायला हवं, कारण तिच्या नावातच एक जुनी गफलत आहे.

कॅटमरान हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकमेकांना बांधून त्यांवरून समुद्रात जात. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीनं १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द येतो. पण आज कॅटमरान म्हणून जी होडी ओळखली जाते तिला दोन वेगळी, लांब, निमुळती अंगं असतात, मध्ये जाळी ताणलेली असते. ही रचना पॉलिनेशियाची, पॅसिफिकमधली. नाव आपल्या पूर्व किनाऱ्याचं, रूप भलत्याच महासागरातलं. गंमत म्हणजे खुद्द तमिळ ओंडक्यांना दोन अंगं नव्हतीच.

युरोपनंही अशा होडीची खटपट केली होती. विल्यम पेटीनं १६६२ मध्ये डब्लिनला जोडबुडाची होडी बांधली. १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनियल हेरेशॉफनं 'अमॅरिलिस' ही जोडहोडी उतरवली, तिनं बाकीच्यांना मागे टाकलं, आणि लगेच तक्रार होऊन ती बाद ठरली. शर्यतीच्या जगानं तिला पुढे बरीच वर्षं दारातच उभं केलं. ऑलिंपिकमध्ये कॅटमरानला जागा मिळाली ती १९७६ साली, टॉर्नेडो या वर्गामुळे. बरोबर १०० वर्षं!

स्पिनेकरची कुळकथा वेगळी. वारा पाठीमागून असताना नाळेच्या पुढे फुगणारं हे मोठं, हलकं, फुग्यासारखं शीड १८६० च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पुढे आलं. 'स्फिंक्स' नावाच्या होडीवर ते होतं आणि खलाशांच्या तोंडी त्या नावाचं जे झालं तेच स्पिनेकर, असं मानतात. खलाशांच्या तोंडी काय काय होतं हे मुंबईच्या गोदीत ज्यानं ऐकलंय त्याला हे पटायला वेळ लागत नाही.

नौकानयनाची पुस्तकं चाळताना मला एक जाणवत आलंय. शिडं चढवण्याचा इतिहास भरपूर आहे: कोणी किती मोठं चढवलं, कोण जिंकलं. उतरवण्याचा जवळजवळ नाहीच. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांना हा प्रश्न फारसा छळत नसे. शीड ज्या आडव्या वाशाला बांधलेलं, तो वासाच दोरीनं खाली घ्यायचा, आणि जवळ वल्ही असायचीच. स्पिनेकरला मात्र वासा नाही. तीन कोपऱ्यांवर तीन दोऱ्या, मध्ये नुसता वारा. तो खाली आणायचा म्हणजे कापड हातांनी कवळायचं.

१९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईला झाल्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. फायरबॉल ही १६ फुटी, दोघांनी चालवायची होडी, तिला स्पिनेकर असतो. ते पाहून मी आणि माझा मित्र पुरते वेडावलो. एका ओळखीच्यांकडून त्याच वर्गातली जुनी होडी रविवारपुरती मागून घ्यायचो. सुकाणू माझ्याकडे, शिडं त्याच्याकडे.

१९८४ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शेवटचं वळण जवळ आलं, स्पिनेकर उतरवायचा होता. अशा वेळी सुकाणूवाल्यानं होडी वाऱ्याच्या दिशेनं आणखी झुकवायची, म्हणजे स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला येतो, मरगळतो, आणि पुढचा माणूस तो सुखानं गोळा करतो. मी घाईत उलटं केलं. वळण चुकेल या धास्तीनं होडी वाऱ्याकडे वर घेतली. अर्धा गोळा केलेला स्पिनेकर पुन्हा भरला, दोरीचा वेढा त्याच्या उजव्या हाताला बसला आणि दोन बोटं गेली. म्हणजे तुटली नाहीत, पण नंतर कधी वळली नाहीत. तो पुन्हा होडीवर आला नाही. मी नोकरीनिमित्त भिलाईला, मग रायपूरला आलो. आमच्यात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं.

आता स्नफर. काजळी धरलेल्या वातीचा गूल कापायला आपल्याकडे गुलतराश असे. इंग्रजीत तसल्या कात्रीला आणि मेणबत्तीवर ठेवून ती विझवायच्या टोपीलाही याच घराण्यातलं नाव आहे. मोठ्या, सहलीच्या होड्यांवर स्नफर खरोखर त्या टोपीसारखा काम करतो: लांब कापडी नळी वरून खाली ओढायची, शीड त्यात विझतं. शर्यतीच्या कॅटमरानवर उलटं आहे. तिथे तोंड खाली असतं. पुढे आलेल्या दांड्याशी एक गोल कडं, त्याच्यामागे जाळीपर्यंत लांब पिशवी. शीड वरून विझत नाही, खालून गिळलं जातं.

हे लागलं का, तर कॅटमरानला पोटच नाही. फायरबॉलमध्ये निदान कापड पायाशी कोंबता येत होतं. इथे जाळी, दोघंही तारेला लटकून होडीबाहेर, आणि वेग असा की पाठीमागचा वारासुद्धा समोरून आल्यासारखा लागतो. कापड ठेवणार कुठे? टॉर्नेडोला ऑलिंपिकमध्ये स्पिनेकर मिळाला तोच मुळी २००० च्या सिडनीनंतर.

दोरीची रचना मला फार आवडते. चढवायची आणि गिळायची दोरी एकच, अखंड. तिचं एक टोक शिडाच्या माथ्याला. मग डोलकाठीवरून खाली, मागे फिरून पिशवीतून पुढे, कड्यातून बाहेर, आणि दुसरं टोक शिडाच्या मधोमध शिवलेल्या ठिगळाला. एक बाजू ओढली की शीड चढतं, दुसरी ओढली की कड्यात शिरतं. मधली ढिलाई एक रबरी दोरी आवरून धरते. मोठ्या शिडाला ठिगळं दोन असतात, एकाखाली एक.

तिनं फोटो पाठवले होते, पण फोटोत दोरी कळत नाही. म्हणून लुगडं. माथा पाण्याच्या टाकीच्या पाइपला, कडं जुन्या टेबलफॅनच्या जाळीचं. दोरी वरच्या ठिगळाला, म्हणजे तिथे मी मारलेल्या गाठीला, बांधून ओढली. वरचा भाग सुरेख आत गेला आणि खालचा सगळा घोळ कड्याबाहेर लोंबत राहिला. गच्चीवर तो धुळीत लोळला; समुद्रात तो पाण्यानं भरेल, आणि मग दोन माणसांच्या बापालाही ओढवणार नाही. दोरी आधी खालच्या ठिगळाच्या कडीतून ओवून मग वरच्याला बांधायला हवी. ओढली की दोन्ही ठिगळं एकत्र येतात आणि शीड घडी पडून आत जातं. दुसऱ्या खेपेला लुगडं काठासकट आत गेलं.

फोनवर तिला हे सांगितलं. आणखीही सांगितलं: कोपऱ्याची दोरी सुटल्याशिवाय ओढू नको, आणि ओढणं सुरू असताना सुकाणूवाल्यानं होडी वाऱ्याबरोबर झुकवून ठेवायची, वर घ्यायची नाही. हे मी दोनदा सांगितलं. यंत्रणा कितीही चांगली असली तरी त्या अर्ध्या मिनिटात भरवसा मागे बसलेल्यावरच असतो. याच गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई' घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांच्याबद्दल वाचताना मला दर वेळी शिडांचाच प्रश्न पडतो: तिथे सुकाणूवाला आणि शीडवाला एकच. चुकलं तर ज्याचं चुकलं त्याचीच बोटं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. स्पिनेकर सात-आठ सेकंदांत आत जातो म्हणाली.

"बाबा आले होते किनाऱ्यावर. खालच्या कडीपाशी वाकून बघत होते. म्हणाले, ही गाठ उलटी आहे. डाव्या हातानं सोडवून परत बांधली."

"आणि काय म्हणाले?"

"विचारलं, हे ओवायचं तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, रायपूरच्या काकांनी."

"मग?"

"काही नाही. तुमचा नंबर तोच आहे का, एवढं विचारलं."