दांडीची आणि बिनदांडीची

वयाची चौपन्न वर्षे पुरी झाल्यावर माणसाने सायकल घ्यावी की काय, हा प्रश्न मला माझ्या गुडघ्याने विचारला. नंदुरबारकडचे आमचे घराणे पोटापाण्यासाठी सुरतेला आले आणि मी शेवटी कोसाडला स्थिरावलो. मुंबई-बडोदा रेल्वेचा जो पहिला तुकडा 1860 साली अंकलेश्वर ते उतराण असा सुरू झाला, त्याच लोहमार्गावरचे हे गाव. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे आणि 'कोसाड आवास'च्या इमारतींमुळे ओळखले जाते. पीठगिरणी, दूध, भाजी, औषधाचे दुकान ही सगळी ठिकाणे येथे चालायला लांब आणि रिक्षाला जवळ. तेव्हा सायकल हवीच. आणि सायकल होती, वडिलांची, चोवीस इंची, मधोमध आडवी दांडी असलेली.

एके दिवशी कॅरिअरवर दळणाचा डबा बांधून मी नेहमीप्रमाणे टांग मारली. पाय डब्याला अडकला. डबा, सायकल आणि मी या क्रमाने रस्त्यावर आलो. पीठ गेले त्याचे काही नाही. उजवा गुडघा मात्र दीड महिना घरी बसवून गेला. त्या दीड महिन्यात मी या दांडीचा विचार करू लागलो. ती तेथे आली कशी? आणि जिला दांडी नसते ती सायकल 'लेडीज' कशी झाली?

इतिहास पाहिला तर बिनदांडीचा आकार दांडीच्या सायकलीपेक्षाही जुना निघतो. पायडल नसलेली, पायाने जमीन ढकलत चालवायची लाकडी दुचाकी युरोपात आली तेव्हा लंडनचा गाडीकारागीर डेनिस जॉन्सन याने 1819 मध्येच बायकांसाठी मधला भाग खाली वाकवलेली एक दुचाकी तयार केली. कारण साधे होते: घोळदार झगा. पुढे उंच चाकाची सायकल आली. तिच्यावर चढणे हे पुरुषांनाही दिव्यच होते. 1885 मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' बाजारात आणली: दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. लवकरच सांगाड्याचा तो चौकोनी, शंकरपाळ्यासारखा आकार कायम झाला आणि आडवी दांडी पक्की बसली. त्याबरोबरच बायकांसाठी खाली वाकवलेल्या नळीचा नमुनाही निघाला. मागच्या चाकावर झगा अडकू नये म्हणून जाळी आणि साखळीवर पूर्ण झाकण.

येथे दांडीची बाजू मांडली पाहिजे. त्रिकोण हा न वाकणारा आकार आहे. दांडी काढली की सांगाड्याला पीळ बसतो, म्हणून उरलेल्या नळ्या जाड किंवा दुहेरी कराव्या लागतात, वजन वाढते. दुधाचे कॅन लटकवणाऱ्या गवळ्याने दांडी सोडली नाही यात त्याचा अहंकार नव्हता. पण मला दुधाचे कॅन वाहायचे नव्हते. एक लिटरची पिशवी आणायची होती.

म्हणजे प्रश्न मुळात कपड्याचा. त्यावर दोन उपाय होते, सायकल बदला किंवा कपडा बदला. दुसरा उपाय केलेल्या बाईचे काय झाले तेही नोंदलेले आहे. सुटसुटीत वेषाचा पुरस्कार करणाऱ्या लेडी हार्बरटन 1898 मध्ये सायकलीवरून इंग्लंडातल्या ऑकम गावच्या एका खाणावळीत गेल्या. अंगात पायघोळ झग्याऐवजी सुरवारीसारखा वेष होता. मालकिणीने त्यांना मुख्य दालनात जेवू घालण्यास नकार दिला. दुसऱ्या वर्षी खटला झाला, आणि ज्यूरीने मालकिणीच्या बाजूने कौल दिला. मग कपडा तसाच राहिला आणि सायकल वाकली.

हीच वाकलेली सायकल आपल्याकडे विलायतेहून रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए. या नावांनी आली आणि येताना 'लेडीज' हे नावही घेऊन आली. गंमत पाहा. आपल्याकडे धोतर नेसणारे पुरुष लाखांनी होते. सोगा एका हाताने आवरून दांडीवरून टांग मारण्याची कसरत त्यांनी आयुष्यभर केली. पण बिनदांडीच्या सायकलीकडे वळले नाहीत. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने झाले. लुधियान्याच्या हिरोने 1956 मध्ये सायकली काढायला सुरुवात केली. देशी सायकल खेडोपाडी पोहोचली, आणि पोहोचली ती बहुतेक दांडीचीच.

आमच्या घरी पोहोचली तीही तशीच. मी त्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. आणि माझी थोरली बहीण, आक्का, शिकली नाही. सातवीनंतरची शाळा चार किलोमीटरवर होती. सायकल घरात होती, पण परकरातल्या मुलीने दांडीवर टांग मारायची ही गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. तिच्याही नाही, असे मी आजवर समजत आलो. मी त्याच सायकलवरून त्याच शाळेत गेलो. वडिलांना दोष देत नाही. घरात दुसरी सायकल घेण्याइतका पैसाच नव्हता. आज मानव विकास योजनेत महाराष्ट्राच्या मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, गुजरातेत सरस्वती साधना योजनेत नववीच्या मुलींना. नंदुरबारकडे गेलो की सकाळी रस्त्याने त्या रांगेने जाताना दिसतात, आणि मी उगाच थांबतो.

असो. गुडघा बरा झाल्यावर दुकानात गेलो. बिनदांडीच्या सायकलीवर हात ठेवताच दुकानदाराने विचारले, "बेन माटे?" म्हटले, नाही, माझ्यासाठीच. तो अदबीने म्हणाला, "साहेब, आ तो लेडीज छे," आणि दांडीची ओढून पुढे केली. मी बाहेर रस्त्याकडे बोट दाखवले. स्कूटरला दांडी असते का? पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये 'लुना' काढली. मास्तर, कारकून, पोस्टमन सगळे तिच्यावर पाय न उचलता बसले. जपानात होंडाची 'कब' 1958 ची. एका हातात जेवणाचे ताट तोलत नेणाऱ्या पोऱ्यालाही चालवता यावी असा तिचा बेत होता. ॲक्टिव्हा 2001 पासून निम्मी सुरत चालवते. तेव्हा इंजिन असले की पुरुषाला दांडी लागत नाही. पायडल असले की लागते! हॉलंडात या सायकलीला 'आजीची सायकल' म्हणतात आणि नातूही ती खुशाल चालवतो. दुकानदार हसला, पण सायकल काढून दिली.

समवयस्कांसाठी दोन शब्द. बसून टाच पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मात्र थांबल्यावर पायाचा चवडा जमिनीला टेकलाच पाहिजे, आपल्या वयात हे महत्त्वाचे. हँडल सीटपेक्षा उंच हवे, म्हणजे कंबर वाकत नाही. सीट रुंद, स्प्रिंगची. साखळीवर पूर्ण झाकण. टायर जाड घ्या, रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. गिअरचा मोह मी टाळला. सुरत सपाट आहे, चढ काय तो अमरोलीच्या पुलाचा, आणि तेथे उतरून चालण्यात कमीपणा नाही. चढण्याउतरण्याचे म्हणाल तर पाय घोट्याभर उचलला की झाले. मागे डबा असो वा पोते.

सुरुवातीला आवारातली पोरे "काका, काकींची सायकल?" म्हणत. आता म्हणत नाहीत. काही तर दळणाला तीच मागून नेतात.

गेल्या भाऊबीजेला आक्का आली. साठी ओलांडलेली, नऊवारीतली. ओवाळणी झाल्यावर जिन्याखाली लावलेल्या सायकलीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "याले दांडी नही का रे भाऊ?" नाही म्हटले. तिने ती स्टँडवरून काढली, हँडलला धरून फाटकापर्यंत चालवत नेली, वळवून परत आणली. मी म्हटले, बस, मागून धरतो. तिने मान हलवली. सायकल पुन्हा नीट स्टँडला लावली आणि दोनदा घंटी वाजवून पाहिली.

"घंटी चांगली शे," म्हणाली, आणि वर फराळाला गेली.