पांढऱ्या पुडीला चढलेला रंग

टायटॅनियम डायऑक्साइड घरोघरी असतो: भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये. स्वस्त, टिकाऊ आणि शिवाय अर्धवाहक. तरीही सौर घटासाठी तो कुचकामी वाटे, कारण त्याचा पांढरेपणाच आड येई. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तो परतवतो. शोषतो फक्त अतिनील, आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम पाच टक्के.

यावरचा उपाय छायाचित्रकारांच्या हाती कधीच लागला होता. सिल्व्हर ब्रोमाइडच्या काचा निळ्या प्रकाशालाच दाद देत. विशिष्ट रंग मिसळला की त्या हिरव्यालाही दाद देतात, हे 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी दाखवले. 1887 मध्ये व्हिएन्नात जेम्स मोझर यांनी एरिथ्रोसिन हा रंग लावलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या पट्टीवर हाच परिणाम विजेच्या रूपात पाहिला. म्हणजे प्रकाश रंगाने झेलायचा आणि इलेक्ट्रॉन अर्धवाहकाच्या स्वाधीन करायचा.

मग घोडे अडले कुठे? सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकाच रेणूइतका जाड थर बसला, तर तो एक टक्काही प्रकाश टिपत नाही. रंग जाड थापला, तर वरच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन अर्धवाहकापर्यंत पोहोचत नाहीत.

ही कोंडी लोझानमध्ये फुटली. ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटरच्या कणांचा 10 मायक्रोमीटर जाडीचा थर काचेवर पसरून तापवला. कण एकमेकांना चिकटले, मधली भोके तशीच राहिली. स्पंजासारख्या त्या थरात एका चौरस सेंटिमीटरमागे आतला पृष्ठभाग शेकडो चौरस सेंटिमीटरचा. त्यावर रुथेनियमचा रंग चढला, तोही एकेरीच. पण प्रकाशाला वाटेत असा रेणू शेकडो वेळा भेटू लागला. ऑक्टोबर 1991 मध्ये 'नेचर'मध्ये आकडे छापून आले: घटाची कार्यक्षमता 7.1 ते 7.9 टक्के, विखुरलेल्या उजेडात 12 टक्के. अर्धवाहक जुना, युक्तीही जुनीच. खरे कर्तृत्व त्या रचनेचे होते.

लाल प्रकाश मात्र अजूनही थरातून निसटत होता. त्यासाठी मागे शेकडो नॅनोमीटरच्या जाड कणांचा आणखी एक थर आला. तो प्रकाश विखरून पुन्हा आत ढकलतो, आणि निसटणाऱ्या किरणाला रंगाशी गाठ पडायची दुसरी संधी मिळते.

2009 मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका आणि सहकाऱ्यांनी याच पांढऱ्या थरावर रंगाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाचे स्फटिक बसवले. तेव्हा कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज प्रयोगशाळेतले पेरोव्हस्काइट घट 25 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.