तळ्यांचे नगर

विकसनशील देशांतील महानगरांच्या दुरवस्थेचे कारण म्हणून नियोजनाच्या अभावाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. बंगळूरचा इतिहास या समजुतीला सहजासहजी दुजोरा देत नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या, बारमाही नदी नसलेल्या पठारावर केंपेगौडाने 1537 मध्ये हे नगर वसविले. कोट आणि पेठ यांच्याबरोबर तळी बांधणे तेथे अपरिहार्यच होते. एका तळ्याचे ओसंडणारे पाणी ‘राजकालुवे’ नामक ओढ्यांतून खालच्या तळ्यात उतरे; शेतांना ते वाटून देण्याचे काम ‘नीरगंटी’ करी. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेनंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले ते हेच नगर. 1687 मध्ये ते मोगलांकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. राजवटी पालटल्या, पाण्याची शिस्त मोडणे मात्र कोणत्याच राजवटीला परवडणारे नव्हते.

ती मोडणे शक्य झाले नळामुळे. 1896 मध्ये हेसरघट्टा जलाशयाचे आणि 1974 मध्ये सुमारे 100 किलोमीटरांवरील कावेरीचे पाणी नगरात आले. पाणी दुरून मिळू लागताच जवळचे तळे नियोजनकर्त्यांच्या दृष्टीने केवळ मोकळी जमीन ठरले. 1898 च्या प्लेगनंतर दाट पेठेबाहेर बसवनगुडी व मल्लेश्वरम या प्रशस्त वसाहती आकारास आल्या. 1945 मध्ये नगरसुधारणा मंडळ, तर 1976 मध्ये विकास प्राधिकरण स्थापन झाले. म्हणजे नकाशे होते, कायदे होते, अधिकारीही होते. तरीही धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार उभे राहिले आणि कोरमंगल तळ्याच्या पात्रात 1997 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम बांधले गेले. अतिक्रमणांनी पुष्कळ तळी गिळली हे खरे. परंतु ही तळी नियोजनानेच बुजविली.

1941 मध्ये सुमारे 4 लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 84 लाखांवर गेली. एवढ्या माणसांना घरे, रस्ते आणि मैदाने हवीच होती. त्या गरजेला दोष देता येत नाही. दोष आहे तो भूमीचा उतार न वाचता भूखंड आखण्याचा. 2022 च्या पावसाळ्यात बेळ्ळंदूर परिसरातील नव्या वसाहती पाण्याखाली गेल्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्याच नगरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. पूर आणि टंचाई ही दोन संकटे भासली, तरी जे तळे पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवी, त्याच्या अभावाची ती दोन रूपे होत.