नकाशा कोणत्या तारखेचा?

३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून मेग्ज फील्डच्या एकुलत्या एक धावपट्टीवर बुलडोझर फिरले आणि तिच्यावर मोठमोठ्या फुल्या खणल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची १९८२ ची पहिली आवृत्ती याच विमानतळावर सुरू होत असे. प्रत्यक्षातले मेग्ज बंद झाले, पण ज्यांच्याकडे आधीची डिस्क होती त्यांच्या घरी तिथून विमाने उडतच राहिली. घरच्या सिम्युलेटरमध्ये मार्ग आखताना घोटाळा झाला की दोष प्रोग्रॅमला दिला जातो. माझ्या मते त्या घोटाळ्याचे मूळ बहुतेक वेळा मेग्जसारखेच असते: एकाच जगाच्या दोन नोंदी आणि त्यांचा एकमेकींशी न बसणारा मेळ.

खऱ्या विमानचालनाने हा प्रश्न फार आधी ओळखला. एल्री जेपसेन हा टपालाची विमाने उडवणारा वैमानिक १९३० च्या दशकात खिशातल्या वहीत धावपट्ट्यांची लांबी आणि वाटेतले अडथळे टिपून ठेवी. त्याच वहीतून पुढे विमानमार्गांच्या नकाशांचा धंदा उभा राहिला. आज जगभरचा हा डेटा दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी बदलतो. या चक्राला एआयआरएसी म्हणतात. सिम्युलेटरची डिस्क मात्र एकदाच छापली जाई. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर टेनमध्ये थेट जीपीएसने, व्हीओआर ते व्हीओआर, म्हणजे एका रेडिओ दिशादर्शक केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत, किंवा खालच्या-वरच्या हवाई मार्गांनी जाण्याची उत्तम सोय होती, पण त्यामागचे जग त्या काळातच थांबलेले होते. त्यात गोव्यातल्या मोपाचा व्हीओजीए हा संकेत टाकला तर काहीच सापडणार नाही, कारण हा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. दाभोळीचा जुना विमानतळ मात्र सापडेल. अमेरिकेतल्या टँपा विमानतळाचे उदाहरण याहून बारीक आहे. धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतो; चुंबकीय ध्रुव सरकत गेल्याने २०११ मध्ये तिथल्या १८ क्रमांकाच्या धावपट्ट्या १९ झाल्या. काँक्रीट जागचे हलले नाही, तरी नव्या नकाशावरून १९ मागणाऱ्याला जुना सिम्युलेटर अशी धावपट्टी नाहीच म्हणून सांगतो.

यावर आक्षेप येतो की नव्या डेटाची वर्गणी भरणाऱ्यांचेही मार्ग तुटतात, मग तारखेला दोष कसा द्यायचा? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर त्यातच आहे. मार्ग आखणाऱ्या साधनाचा, विमानातल्या एफएमसी या मार्ग सांभाळणाऱ्या संगणकाचा आणि सिम्युलेटरच्या भूदृश्याचा डेटा अनेकदा वेगवेगळा असतो. एक ताजा केला म्हणून उरलेले दोन ताजे होत नाहीत. एकट्याने उडणाऱ्याला तिन्हीकडे एकच जुने चक्र असले तरी चालते. विस्कळीतपणा चालत नाही.

प्रोग्रॅममधल्या चुका खऱ्या नसतात असे मी म्हणत नाही. पण मार्गरेषा अचानक दुसऱ्या खंडाकडे झेपावली की जी चूक उघड प्रोग्रॅमची वाटते, तीही बहुधा नोंदींचीच असते: दोन-तीन अक्षरी संकेत जगात अनेक ठिकाणी वापरात आहेत आणि साधनाने भलताच निवडलेला असतो. प्रत्यक्षात याची किंमत भयंकर मोजावी लागली आहे. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात वैमानिकांनी रोझो या रेडिओ बीकनसाठी 'आर' हे अक्षर टाकले. नकाशावर रोझोचा संकेत तोच होता, पण विमानाच्या संगणकाने त्या अक्षराखाली बोगोटाजवळचा रोमिओ हा बीकन निवडला. विमान वळले, डोंगरावर आदळले आणि १५९ माणसे गेली. त्या संगणकाने आपल्या नोंदीप्रमाणे अचूक काम केले होते.

म्हणून बिघाड शोधताना प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकण्याआधी तिन्ही ठिकाणची चक्रे ताडून पाहावीत, मग एकेक बिंदू नकाशावर तपासावा. २००१ पासून चालू असलेल्या व्हॅटसिम या ऑनलाइन उड्डाणांच्या जाळ्यावर तर याला पर्याय नाही. तिथला नियंत्रक चालू चक्रातले बिंदू सांगतो, आणि ते ज्याच्या विमानात नाहीत त्याला रडार व्हेक्टर, म्हणजे नियंत्रकाने सांगितलेल्या दिशा, मागून घ्यावे लागतात.